६४ केबीतले बिऱ्हाड

दवाखान्यातल्या माणसाने व्याख्यानमालेत आरोग्यावर बोलावे, ही आपल्याकडची रीत. मीही ती दोनदा पाळली आहे. या वर्षी मात्र कार्यवाहांना विनंती करून वेगळा विषय मागून घेतला. संगणकाच्या पडद्यावर आपण ज्या चौकटी, ज्या ‘खिडक्या’ उघडतो आणि मिटतो, त्या सांभाळणारी व्यवस्था मोठ्या यंत्रावरून उचलून अगदी लहान यंत्रावर कशी नेतात, हा तो विषय. जाणकार या कामाला पोर्टिंग म्हणतात. मी त्याला बिऱ्हाड हलवणे म्हणतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कोणीतरी, काही पिढ्यांपूर्वी का होईना, ते केलेले आहे. साहित्याच्या मंडळात या विषयाचे काय काम, असे दोघांनी भाषणाआधीच विचारले होते. त्यांना एवढेच म्हणालो, की ‘बिऱ्हाड’ हा शब्द त्या लहान यंत्राच्या पडद्यावर नीट उमटतो का, ते शेवटी पाहू.

माझ्या दवाखान्यात १९९० च्या दशकात घेतलेला एक ३८६ संगणक आहे. लक्षणांवरून औषध शोधायच्या कोशासाठी, म्हणजे रेपर्टरीसाठी, तो घेतला होता. नवे यंत्र आल्यावर तो कोपऱ्यात गेला, पण भंगारात घालवेना. दुपारी दवाखाना बंद असतो त्या वेळात मी त्याच्यावर काहीबाही करत बसतो. सी ही संगणकाची भाषा मी चाळिशीत शिकवणी लावून शिकलो, त्यामुळे माझे ज्ञान हौशी माणसाइतकेच आहे. त्या यंत्रावर मी एल्क्स नावाची लहान ऑपरेटिंग सिस्टिम फ्लॉपीवरून चालवली आणि तिच्यावर नॅनो-एक्स नावाची खिडक्यांची व्यवस्था. पुढे जे सांगणार आहे, त्यातले बरेचसे त्या दुपारांत कळलेले आहे.

आधी घर किती लहान, ते पाहू. इंटेलने १९७८ साली ८०८६ नावाचा प्रोसेसर आणला. एकूण स्मृती जास्तीत जास्त १ मेगाबाइट. पण तीही एका नजरेत दिसत नाही. प्रोसेसरला एका वेळी ६४ किलोबाइटचा, म्हणजे ६५,५३६ बाइटांचा, एकच पट्टा सहज हाताळता येतो. पलीकडचे हवे असेल तर पट्टा बदलावा लागतो. ६४ केबी म्हणजे किती, याचा अंदाज यावा म्हणून सांगतो: आजच्या पद्धतीने साठवलेल्या देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. तुम्ही वाचता आहात तो लेख तसाच साठवला, तर निम्म्याहून अधिक पट्टा त्यातच भरेल.

एल्क्स म्हणजे या जुन्या १६ बिटी प्रोसेसरांसाठी कापून बेतलेले लिनक्स. १९९० च्या दशकाच्या मध्यास हे काम सुरू झाले, तेव्हा त्याला लिनक्स-८०८६ म्हणत. माझा ३८६ याहून थोर आहे, पण एल्क्स त्यालाही ८०८६ समजूनच वागवते. इथे कार्यक्रमाच्या आज्ञांना एक पट्टा, त्याच्या माहितीला एक पट्टा, असा साधा हिशेब असतो. दोन कार्यक्रमांच्या मध्ये भिंत नाही, नुसती खडूची रेघ आहे. एखाद्याने चुकून ती ओलांडली, तर शेजाऱ्याच्या भांड्यात हात जातो आणि सगळे यंत्र थांबते. मोठ्या लिनक्समध्ये प्रोसेसर स्वतः अशा घुसखोराला अडवतो. ८०८६ मध्ये अडवणारा कोणी नाही.

आता बिऱ्हाडाकडे. युनिक्सच्या जगात खिडक्यांची सर्वांत प्रसिद्ध व्यवस्था म्हणजे एक्स. गंमत अशी, की तिचा जन्मच बिऱ्हाड हलवताना झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘व्ही’ नावाची एक लहानशी प्रायोगिक ऑपरेटिंग सिस्टिम होती. तिच्यासाठी पॉल असेंते आणि ब्रायन रीड यांनी ‘डब्ल्यू’ ही खिडक्यांची व्यवस्था लिहिली. व्हीनंतर डब्ल्यू येते म्हणून डब्ल्यू. ती युनिक्सवर आणली गेली आणि १९८४ साली एम.आय.टी.मध्ये बॉब शायफलर यांच्या हाती पडली. त्यांनी तिच्यात इतके बदल केले, की तिला पुढचे अक्षर द्यावे लागले. सप्टेंबर १९८७ मध्ये या एक्सची अकरावी आवृत्ती आली, आणि आजही जी एक्स वापरात आहे ती हीच. म्हणजे लहान घरातून निघालेले बिऱ्हाड मोठ्या वाड्यात गेले आणि तिथे पसरले. इतके पसरले, की परत लहान घरात मावेना.

मग कोणीतरी पुन्हा गाठोडे बांधायला बसले. डेव्हिड बेल यांनी १९९१ च्या सुमारास मिनिक्स या लहान ऑपरेटिंग सिस्टिमसाठी मिनी-एक्स लिहिले. एक्सची पद्धत तीच, सामान थोडे. त्याच धाग्यावरून १९९९ च्या सुमारास मायक्रोविंडोज नावाचा प्रकल्प उभा राहिला. त्याचे मुख्य कर्ते ग्रेग हेअर. पुढे हेच गृहस्थ एल्क्सचीही देखभाल करू लागले. पाहुणा आणि यजमान, दोघांची बाजू कळणारा माणूस. मायक्रोविंडोजचा जो भाग एक्सच्या वळणाचा आहे, त्याला नॅनो-एक्स म्हणतात. १६ बिटी यंत्रावर ही सगळी व्यवस्था, पडदा, माऊस आणि कळफलक यांच्या ड्रायव्हरांसह, ६४ केबीहून कमी जागेत चालते. होमिओपॅथीच्या डॉक्टरला लहान मात्रेचे कौतुक असणारच, असे म्हणाल. असू दे. आम्हा जैनांत परिग्रह-परिमाण नावाचे एक व्रत असते, स्वतःच्या चीजवस्तूंना आधीच मर्यादा घालून घेण्याचे. ते पाळताना माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे प्रत्येक वस्तू हातात घेऊन, ‘ही कशाला हवी?’ असे विचारतो. या लोकांनी तेच केले.

त्यांनी घातलेली मुख्य मेख अशी. सगळी व्यवस्था तीन मजल्यांची केली. तळमजल्यावर यंत्राशी प्रत्यक्ष बोलणारे ड्रायव्हर: एक पडद्याचा, एक माऊसचा, एक कळफलकाचा. मधल्या मजल्यावर चित्रकाम: रेघा, आयत, अक्षरे आणि कोणता भाग झाकला आहे, कोणता उघडा आहे, याचा हिशेब. वरच्या मजल्यावर कार्यक्रम लिहिणाऱ्याला दिसणाऱ्या आज्ञा. यंत्र बदलले की तळमजला नव्याने बांधायचा. मधला मजला साध्या सीमध्ये लिहिलेला असल्यामुळे तो बहुतेक जसाच्या तसा उचलता येतो. हे ऐकायला उघड वाटते, पण जुन्या कितीतरी कार्यक्रमांत रेघ काढण्याच्या आज्ञेतच पडद्याच्या यंत्राचे क्रमांक घुसलेले असत. असे घर हलवायचे म्हणजे भिंतीत बसवलेली कपाटे उखडून न्यायची.

पडद्याच्या ड्रायव्हरकडून मधला मजला मागतो तरी किती? यंत्र सुरू करणे आणि बंद करणे सोडले, तर ठिपका लावणे, ठिपका वाचणे, आडवी रेघ, उभी रेघ, भरलेला आयत. एवढ्यावर बाकीचे सगळे रचता येते. तिरकी रेघसुद्धा ठिपक्यांनीच होते, आणि तिची युक्ती आयबीएमच्या जॅक ब्रेझनहॅम यांनी १९६२ सालीच काढून ठेवली आहे. तिच्यात अपूर्णांक नाहीत, नुसती पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी. ८०८६ ला अपूर्णांकांचे गणित स्वतः येत नाही, त्यासाठी वेगळी चिप बसवावी लागे. त्यामुळे ही काटकसर इथे फार कामाला येते.

मग पुन्हा आडवी रेघ वेगळी कशाला मागायची? तीही ठिपक्यांची करता आलीच असती. याचे उत्तर पडद्याच्या रचनेत आहे आणि मला ते फार आवडते. १९८७ साली आयबीएमने आणलेल्या व्हीजीए पद्धतीत ६४० आडवे आणि ४८० उभे ठिपके, १६ रंगांत दिसतात. १६ रंगांसाठी एका ठिपक्याला ४ बिट. सगळा पडदा मिळून १,५३,६०० बाइट होतात. पण प्रोसेसरला पडद्याकडे पाहायला ६४ केबीचीच फट दिली आहे. मावणार कसे? म्हणून पडद्याचे चार पट केले. प्रत्येक ठिपक्याचा एकेक बिट एकेका पटावर, जणू एकावर एक ठेवलेले चार पारदर्शक कागद. एका पटाला ३८,४०० बाइट पुरतात. चारही पट एकाच पत्त्यावर राहतात. कोणत्या पटावर लिहायचे, ते आधी एका नियंत्रक नोंदीत सांगायचे. आणि एका बाइटमध्ये शेजारशेजारचे आठ ठिपके बसलेले असतात. म्हणजे एक ठिपका बदलायला बाकीच्या सातांना धक्का न लावता बाइट हाताळावा लागतो, पण पूर्ण आडवी रेघ मारायची तर आठ ठिपके एका फटक्यात होतात. ६४० ठिपक्यांच्या रेघेला ६४० वेळा लिहिण्याऐवजी ८० वेळा. हळू यंत्रावर हा फरक डोळ्यांना दिसतो.

बिऱ्हाड हलवताना फुटतात त्या वस्तू बहुधा अशाच आकड्यांच्या असतात. मोठ्या यंत्रावर साधा पूर्णांक ३२ बिटांचा असतो आणि तो दोनशे कोटींच्या पुढे मोजतो. १६ बिटांत धन-ऋण धरून तो ३२,७६७ लाच थांबतो. पुढचा आकडा ऋण होऊन बसतो. पडद्यावरच्या शेवटच्या ठिपक्याचा बाइट आहे ३८,३९९ वा. हिशेब करणाऱ्याने विचार न करता तो साध्या पूर्णांकात ठेवला आणि पुढे मोठ्या बेरजेत तसाच वापरला, तर पडद्याचा वरचा भाग ठीक दिसतो आणि ४०९ व्या ओळीच्या मध्यापासून खाली सगळे भलतीकडे जाते. कार्यक्रम तोच, अक्षरन् अक्षर तसेच, आणि तरी चुकीचा. ज्याने तो लिहिला, त्याला आपण काही गृहीत धरले आहे, हे माहीतही नसते.

आता खिडक्यांकडे येऊ. माझ्या टेबलावर रुग्णांचे केसपेपर एकावर एक पडलेले असतात. वरचा उचलला की खालचा दिसतो, कारण तो तिथेच असतो. पडद्यावर तसे नसते. पडदा हा एकच कागद आहे. वरच्या खिडकीने खालचीवर चित्र काढले, की खालचे पुसले गेले. वरची हलवल्यावर खालचे दिसावे, यासाठी दोनच मार्ग. एक म्हणजे झाकलेल्या भागाचे चित्र कुठेतरी जपून ठेवायचे. पण पूर्ण पडद्याचे चित्र म्हणजे दोन पट्टे भरून तिसऱ्याचा तिसरा हिस्सा. जिथे एकच पट्टा हाताशी, तिथे हा मार्ग संपला. दुसरा मार्ग एक्सने रुळवला आणि नॅनो-एक्सने तसाच ठेवला: व्यवस्था काहीच जपत नाही. झाकलेला भाग उघडा पडला, की ज्याची खिडकी त्या कार्यक्रमाला निरोप जातो, ‘तुझा एवढा आयत उघडा पडला आहे, पुन्हा काढ.’ कार्यक्रमाला आपले चित्र पुन्हा काढता आलेच पाहिजे. स्मृतीचे ओझे अशा रीतीने कष्टांवर ढकलले जाते. श्रीमंत यंत्रांवर पुढे हे बदलले. आज प्रत्येक खिडकीचे पूर्ण चित्र वेगळे जपले जाते. लहान घरात मात्र जुनी पद्धतच धावून येते.

याला जोडून दुसरा हिशेब येतो. अर्धवट झाकलेल्या खिडकीने आपल्या जागेत रेघ मारली, तर तिचा वरच्या खिडकीखाली जाणारा तुकडा दिसता कामा नये. म्हणून मधला मजला प्रत्येक खिडकीच्या उघड्या भागाची यादी ठेवतो, आयतांच्या रूपात. मोठ्या खिडकीच्या बरोबर मध्ये लहान खिडकी बसली, तर मोठीचा उघडा भाग चार आयतांचा होतो: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. रेघ या यादीतून गाळून मगच तळमजल्याकडे जाते. ड्रायव्हरला खिडक्या असतात, हेच ठाऊक नसते. म्हणूनच तो इतका लहान राहतो.

माऊसच्या बाणाने मला एक आठवडा छळले. जुना सिरियल माऊस सेकंदाला १,२०० बिटांच्या गतीने बोलतो, एका हालचालीला ३ बाइट पाठवतो आणि ‘किती सरकलो’ एवढेच सांगतो. ‘कुठे आहे’, ते आपण मोजत राहायचे. बाण काढण्याआधी त्याच्याखालचे ठिपके वाचून बाजूला ठेवायचे, बाण सरकला की ते परत लावायचे. आणि बाणाखालीच कोणी चित्र काढणार असेल, तर आधी बाण उचलायचा. हे शेवटचे मधला मजला स्वतः करतो, पण मी शहाणपणा करून माझी अक्षरे त्याला वळसा घालून थेट तळमजल्यावरून काढत होतो. परिणामी बाण हलवला की त्याने जपलेले जुने ठिपके माझ्या नव्या अक्षरांवर येऊन बसत. पडद्यावर देवी आल्यासारखे व्रण. दोष व्यवस्थेचा नव्हता, माझा होता.

आणखी एक गोष्ट थोडक्यात सांगतो. खिडक्यांची व्यवस्था बहुतेक वेळ वाट पाहत बसलेली असते: कळ दाबली जाईल, माऊस हलेल किंवा एखादा कार्यक्रम निरोप पाठवेल. तीन दारे आणि एकच माणूस. युनिक्सच्या वळणाच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ‘कोणत्याही दारावर टकटक झाली की मला उठव’ असे सांगायची सोय असते. डॉसमध्ये ती नाही, तिथे सतत तिन्ही दारांशी जाऊन डोकवावे लागते. कार्यक्रम आणि व्यवस्था यांच्यात निरोपांची वाट नसेल, तर दोघांना शिवून एकच कार्यक्रम करण्याचीही तजवीज नॅनो-एक्समध्ये आहे. मग एका वेळी एकच कार्यक्रम चालतो, पण चालतो. कधी बिऱ्हाड आपले सामान कमी करते. कधी घरमालकाला आधी मोरी बांधून द्यावी लागते.

इथवर प्रत्येक अडचण घराच्या लहानपणाची होती, आणि प्रत्येक ठिकाणी तोड निघाली. अक्षरांची अडचण तशी नाही. ती बिऱ्हाडासोबतच आलेली आहे.

व्हीजीएच्या चिपमध्येच २५६ अक्षरांची चित्रे कोरलेली असतात. प्रत्येक चित्र ८ ठिपके रुंद आणि १६ उंच, म्हणजे १६ बाइटांचे. सगळी मिळून ४,०९६ बाइट. डॉस आणि एल्क्सवर येताना नॅनो-एक्सने ही आयती चित्रे वापरायची सोय केली, स्वतःचे फाँट वाहून आणण्याची गरज ठेवली नाही. मजकूर काढणारी आज्ञा सरळ आहे: एक क्रमांक घ्या, त्याचे चित्र काढा, चित्राच्या रुंदीइतके उजवीकडे सरका, पुढचा क्रमांक घ्या. मजकुराची लांबी मोजणारी आज्ञा याच रुंदींची बेरीज करते. एक क्रमांक, एक चित्र, डावीकडून उजवीकडे. इंग्रजी टंकलेखन यंत्र असेच चालते. मधल्या मजल्यावर, जिथे यंत्रावर अवलंबून काहीच नाही असे आपण मानले, तिथे हे रोमन लिपीचे गृहीत बसलेले होते.

‘बिऱ्हाड’ शब्द घ्या. युनिकोडमध्ये तो सात चिन्हांचा आहे: ब, पहिली वेलांटी, ऱ, पाय मोडल्याची खूण, ह, काना, ड. साठवण्याचा क्रम उच्चाराचा आहे आणि तो योग्यच आहे, कारण शोधायला आणि क्रम लावायला तोच लागतो. पण वरची आज्ञा हा शब्द काढते तेव्हा वेलांटी ब च्या उजवीकडे जाऊन ऱ ला टेकते, पाय मोडलेला ऱ सुटा उभा राहतो आणि ह त्याच्याशी बोलत नाही. नुसती देवनागरीची चित्रे दिली म्हणजे देवनागरी आली, असे नाही. मराठीला तर र च्या बाबतीत हिंदीहून जास्त सांभाळावे लागते. आमच्या घरी ‘आचार्यांना आहार दिला’ म्हणजे मुनींची पडगाहना करून आहारदान केले. ‘आचाऱ्यांना आहार दिला’ म्हणजे स्वयंपाक्यांना जेवू घातले. एक र माथ्यावर रफार होतो, दुसरा पापणीसारखा बाजूला राहतो. पडद्याने हा भेद पुसला, तर पुण्याचा हिशेबच बदलायचा.

आपल्याकडे यावर दोन उपाय होऊन गेले. पहिला तळमजल्याच्याही खालचा. १९८० च्या दशकात कानपूरच्या आय.आय.टी.त सुरू झालेले जिस्ट तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. त्याचे कार्ड संगणकात बसवले, की डॉसच्या कार्यक्रमाला पत्ता न लागता पडद्यावर देवनागरी किंवा कन्नड उमटत असे. जोडाक्षरे कार्ड जुळवी. त्याच वाटेवर भारतीय लिप्यांची इस्की ही संकेतप्रणाली १९९१ साली राष्ट्रीय मानक झाली. फार चतुर उपाय. पण खिडक्यांच्या जगात अक्षर कार्डापर्यंत पोचते ते ठिपके होऊन. तोवर जुळवायचे काही उरत नाही.

दुसरा उपाय वरच्या मजल्याचा. १९९० च्या दशकातले बहुतेक मराठी फाँट असे होते: जोडाक्षरांचे तयार तुकडे रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवायचे, आणि ते कोणत्या क्रमाने लावायचे, ते टंकणाऱ्याने किंवा त्याच्या कार्यक्रमाने पाहायचे. व्यवस्थेला वाटते ती इंग्रजीच काढते आहे. छपाई सुंदर झाली, आपल्या मंडळाच्या कितीतरी व्याख्यानपुस्तिका याच रीतीने छापल्या. पण प्रत्येक फाँट करणाऱ्याचे क्रमांक वेगळे. मागच्या वर्षी कपाटातून निघालेली अशा पुस्तिकांची एक फाइल मी आजच्या संगणकावर उघडली, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची भेळ दिसली. पुस्तिका छापलेली आहे म्हणून वाचता येते. फाइलमध्ये मराठी नाहीच, मराठीच्या आकारांचे तुकडे आहेत.

उरतो मधला मजला, आणि माझे मत असे, की जागा तीच. मी तिथे एक लहानसा भाग घातला. येणाऱ्या मजकुराचे तो आधी अक्षरांत, म्हणजे उच्चाराच्या घासांत, तुकडे करतो: बि, ऱ्हा, ड. पाय मोडलेली व्यंजने पुढच्याला बांधायची. घासात पहिली वेलांटी असेल, तर तिचे चित्र आधी काढायचे. घास पाय मोडलेल्या र ने सुरू होत असेल, तर तो काढून ठेवायचा आणि शेवटी माथ्यावर रफार म्हणून लावायचा. ऱ असेल तर पापणी. अर्ध्या रूपाचे चित्र नसेल, तर निमूटपणे पाय मोडून दाखवायचा. आमच्या भागात दुकानाच्या पाटीवर दोन लिप्या असतात, म्हणून हेही सांगतो, की कन्नडला नियम वेगळे लागतील. तिथे जोडलेले व्यंजन खाली लटकते आणि तोच र शेवटी उजवीकडे जातो. पण सांधा हाच.

चित्रे मी आलेख कागदावर काढली, २१० भरली. १६ ठिपके उंचीत वर मात्रा आणि खाली उकार बसेनात, म्हणून १६ रुंद आणि २४ उंच घेतली. प्रत्येकी ४८ बाइट, एकूण १०,०८० बाइट. ६४ केबीत ती सहज बसली. लहान यंत्राला मराठी झेपत नाही, असे आजवर कोणी सांगितले असेल, तर त्याने हा गुणाकार केला नव्हता. पहिल्या दिवशी शिरोरेषा दात पडल्यासारखी तुटक आली. इंग्रजी वळणाने मी प्रत्येक चित्राच्या उजवीकडे एक ठिपका जागा सोडली होती. ती काढली. मग उकार कापले जाऊ लागले, कारण नमुन्याच्या एका कार्यक्रमात ओळीची उंची १६ अशी थेट लिहून ठेवली होती. ती व्यवस्थेला विचारून घ्यायला हवी होती. लांबी मोजणाऱ्या आज्ञेलाही माझ्या भागातूनच जायला लावावे लागले, नाहीतर ओळ चौकटीबाहेर पळत होती.

दोन गोष्टी अडल्या आहेत. मागे पुसायची कळ दाबल्यावर ‘ऱ्हा’ मधले काय पुसायचे, नुसता काना की सगळा घास? माझ्या यंत्रावर सध्या काना जातो; मुलगी म्हणते घास जावा. दुसरी मोडीची. युनिकोडमध्ये मोडीला २०१४ साली जागा मिळाली, पण ती ७१,१६८ पासून पुढे. देवनागरी २,३०४ ते २,४३१ या क्रमांकांत आहे. जिथे अक्षराचा क्रमांक १६ बिटांत ठेवतात, तिथे ६५,५३५ च्या पुढे मोजताच येत नाही, म्हणजे आपल्या घरोघरच्या जुन्या कागदांची लिपी या सांध्यातूनही आत येत नाही. तिथे क्रमांकाची रुंदीच वाढवावी लागेल आणि त्याची किंमत प्रत्येक ओळीला मोजावी लागेल.

‘बिऱ्हाड’ मात्र उमटले. व्याख्यानाच्या दिवशी मी तो संगणक रिक्षातून सभागृहात आणला होता आणि नंतर बऱ्याच जणांनी त्यावर आपापली नावे टंकून पाहिली. ‘त्र्यंबक’ या नावाने माझा एक नियम चुकीचा असल्याचे तिथेच दाखवून दिले.

जाता जाता एक विनंती. माझ्या या जुन्या यंत्राची फ्लॉपी अजून चालते. मंडळाच्या जुन्या पुस्तिकांच्या, किंवा तुमच्या वडिलांनी, आजोबांनी त्या काळात टंकून घेतलेल्या लेखनाच्या फ्लॉप्या घरी कुठे असतील, तर त्या उन्हात आणि चुंबकाजवळ ठेवू नका. सोबत त्याच मजकुराचे एखादे छापील पान असेल, तर तेही जपा. ते शेजारी ठेवून कोणता क्रमांक कोणत्या आकाराचा, याचे कोष्टक करता येते आणि मग फाइल युनिकोडमध्ये उतरवता येते. एका पुस्तिकेचे काम मी सुरू केले आहे. दुपारी दोन ते चार मी दवाखान्यातच असतो.